केळी शेतात, गिलकी दारात

यावल तालुक्यात पाहुणा आला की त्याला चहा मिळतो, शेव-मुरमुरे मिळतात, थंडीचे दिवस असले तर भरीत मिळतं, आणि उठायला लागला की ‘जेवल्याबिगर जायचं नही’ असा दमही मिळतो. मिळत नाही ते फक्त केळं.

पाहुण्याला हे पटत नाही. भुसावळला रेल्वेतून उतरून तो तापीचा पूल ओलांडतो आणि तिथून यावल येईपर्यंत त्याला दुसरं काही दिसलेलंच नसतं. डावीकडे केळी, उजवीकडे केळी, पुढच्या ट्रकमध्ये केळी आणि समोर सातपुडा, तोही केळीच्या पानांवरून डोकावणारा. एवढं बघून आलेला माणूस ओट्यावर टेकतो आणि मोठ्या विश्वासानं म्हणतो, “बाकी काही नको हो, एखादं केळं द्या.” यजमान बायकोकडे बघतो, बायको मुलाकडे बघते आणि मुलगा मागच्या दारानं मोटारसायकल काढून बसस्टँडवरच्या हातगाडीकडे सुटतो.

यात कंजुषी नाही, शास्त्र आहे. केळीचा घड बागेत पिकू देतच नाहीत. झाडावर पिकलेलं केळं तडकतं, आणि त्याला दिल्लीपर्यंतचा प्रवास झेपत नाही. म्हणून घड हिरवा आणि टणक असतानाच कापायचा, गाडीत भरायचा, आणि मग दिल्लीत, पंजाबात, काश्मिरात किंवा खोक्यांत बसून आखाती देशांत गेल्यावर, तिथल्या बंद खोलीत इथिलीन वायू देऊन त्याला पिकवायचं. केळं पिवळं होतं ते आमच्या नजरेआड. आमच्या तालुक्यातल्या कित्येक बागायतदारांनी जन्मात लाखो केळी विकली असतील, पण पिवळं केळं म्हटलं की त्यांना हातगाडीवालाच आठवतो. सत्यनारायणाच्या शिऱ्याला चार केळी हवी असली, तर ज्याच्या एकरात सतराशे खोडं उभी आहेत तो माणूस गाडीवर जाऊन घासाघीस करतो. विकताना क्विंटल, घेताना डझन. दोन्ही वेळा भाव समोरचाच ठरवतो.

सन २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. केळी इथलीच, असं सरकारनं कागदावर लिहून दिलं. ती इथं खायला का मिळत नाही, हे त्या कागदावर नाही.

खरं सांगायचं तर यावलच्या घराघरात केळी ही पीक म्हणून नांदत नाही, जावई म्हणून नांदते. बाकी जावई अधिक मासात धोंडे खाऊन, चांदीचं काहीतरी खिशात घालून परत जातात. हा जावई बारा महिने मुक्कामाला असतो आणि त्याला काहीच चालत नाही. ऊन चालत नाही, थंडी चालत नाही, वारा तर अजिबात नाही. आता भुसावळ-यावलच्या मुलखात ऊन, थंडी आणि वारा सोडून आहे काय? मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, गरम वारे पानं फाडतात. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्यावरून गारठा उतरला की केळीची वाढ थांबते. त्याला आम्ही ‘चरका बसला’ म्हणतो. अशा ठिकाणी या जावयाला बोलावलं कोणी, हा प्रश्न विचारायचा नसतो. आता आलाच आहे, तर त्याची बडदास्त ठेवायची.

आणि बडदास्त कशी! तो येतो तोच मुळी प्रयोगशाळेतून. पूर्वी बसराई किंवा श्रीमंतीचे कंद शेजाऱ्याच्या बागेतून उपटून आणायचे आणि लावायचे, इतकं ते स्थळ साधं होतं. आता ऊतिसंवर्धनाची ग्रँड नैन जातीची रोपं येतात. त्यांचं नाव घ्यायला अवघड, म्हणून सगळे ‘जी-नाईन’ म्हणतात. महिनाभर आधी नोंदणी करायची, आगाऊ रक्कम भरायची, मग रोपं गाडीतून उतरतात. कोवळ्या रोपाला ऊन लागू नये म्हणून शेजारी ताग पेरायचा, किंवा प्रत्येक रोपावर पांढऱ्या कापडाची टोपी चढवायची. बागेभोवती वारा अडवायला शेवरी किंवा गजराज गवताची भिंत उभी करायची. मुळाशी ठिबकच्या नळ्या, नळ्यांतून पाण्याबरोबर विरघळलेली खतं, म्हणजे जेवण जागेवर आणि तेही पचायला हलकं. घड पडला की त्यावर निळी-पांढरी पिशवी चढवायची. तिला स्कर्टिंग बॅग म्हणतात, म्हणजे चक्क झगा. घडाचं ओझं झालं की खोडाला पट्ट्यांनी शेजारच्या खोडाशी बांधून आधार द्यायचा. कापल्यावर घड मातीला टेकू द्यायचा नाही. आणि हे सगळं करणारा आमचा माणूस भर दुपारी डोक्याला जुना टॉवेल गुंडाळून, तुटक्या चपलेत, बांधावर उभा असतो.

थंडीत तर कमाल होते. पारा उतरायला लागला की बागेच्या कडेनं ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात, रात्री पाणी देतात, म्हणजे बागेत जरा ऊब राहते. घरी आजी म्हणते, “अरे माह्या खाटेजवळ शेगडी ठेव रे कोणी.” पण ठेवणारा कुठे असतो? तो केळीपाशी शेकोटी लावायला गेलेला असतो.

या लाडांना विमाही आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा. त्याचा नियम असा, की पारा ठरलेल्या अंशाखाली, ठरलेले दिवस, सलग उतरला पाहिजे. त्यामुळे आमच्याकडे थंडीच्या दिवसांत एक चमत्कारिक जमात तयार होते. पहिल्या रात्री हे लोक थंडीला शिव्या देतात. दुसऱ्या रात्री गप्प बसतात. आणि त्यापुढच्या रात्री ओट्यावर बसून, कानटोपी घालून, दात वाजवत म्हणतात, “आज जरा कमीच वाटू राह्यली का रे थंडी?” नुकसान झालेलंच आहे, निदान मोजण्याइतकं तरी व्हावं, ही माफक अपेक्षा. आणि पारा नेमका त्याच रात्री अर्ध्या अंशानं चढतो.

केळीला पाणी लागतं, पाण्याला मोटर लागते आणि मोटरला लाईट लागते. शेतीची थ्री-फेज लाईट पाळीपाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात आमच्याकडचं वैवाहिक जीवन स्टार्टरच्या हातात असतं. पूर्वी बॅटरी घेऊन, काठी आपटत, साप-विंचवाला आगाऊ सूचना देत, माणूस विहिरीवर जायचा आणि बटण दाबून तिथंच बाजेवर लवंडायचा. आता मोबाईल स्टार्टर आला. घरून फोन लावला की मोटर चालू होते आणि काही बिनसलं की मोटर स्वतः फोन करते. शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये ‘मोटर’ नावानं नंबर साठवलेला असतो. पुण्याला शिकणारा मुलगा महिन्यातून एकदा फोन करतो, तोही पैसे संपल्यावर. मोटर रोज करते. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना वधूपित्याचा खिसा थरथरतो, तो हळूच फोन कानाला लावतो, आणि एक यांत्रिक बाई त्याला अत्यंत शांतपणे सांगते की आपली मोटर बंद पडली आहे. पुढच्या सावधानला त्याचं लक्ष नसतं. जवळ बसलेल्यांना वाटतं, मुलीच्या विरहानं डोळे भरले. डीपीवरचा डीओ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज, उडाला हे त्याला एकट्याला माहीत.

पाण्याची तर वेगळीच अब्रू. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पट्टा वाळू-गोट्यांचा. पावसाचं पाणी पोटात घ्यायला मोठा तयार, पण आम्ही ते घेण्याआधीच उपसतो. भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांच्या यादीत यावल-रावेरची नावं बरीच वर्षं आहेत. विहिरी आटल्या म्हणून बोअर आले, बोअर आटले म्हणून आणखी खोल गेले. आपला बोअर किती फुटांवर लागला, हे आमच्याकडे माणूस मुलीच्या स्थळाला खरं सांगतो, शेजाऱ्याला कमी सांगतो आणि बँकेला जास्त.

एवढं करून घड कापणीला आला, की प्रश्न उरतो भावाचा. आमच्या ओट्यावर संध्याकाळी जे मंडळ जमतं त्याचं काम एकच, भाव विचारणं. रावेरचा भाव वेगळा, शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचा वेगळा, व्हॉट्सअॅपवर आलेला तिसरा, आणि व्यापारी प्रत्यक्ष बागेत येऊन देतो तो चौथा. 

“निंघाला का भाव?”

“निंघाला ना.”

“मंग?”

“बऱ्हानपूरले निंघाला. आपल्याकडे येईस्तोवर अंधार पडला.”

कधी क्विंटलला दोन हजारांच्या पुढे जातो, कधी पाचशेच्या घरात येऊन बसतो. चढला तर ज्याची कापणी झालेली असते तो झोपत नाही, आणि उतरला तर ज्याची व्हायची असते तो. भाव चांगला आणि घड तयार, हे दोन्ही एकाच आठवड्यात जुळलेला माणूस तालुक्यात असतो, नाही असं नाही. पण तो त्या संध्याकाळी ओट्यावर येत नाही. लोक उसने मागतात.

भाव नसेल त्या दिवशी मंडळ इतिहासाकडे वळतं. डिसेंबर १९३६ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, गांधीजी मुक्कामाला, मंडप-कमानींची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांची, तीही बांबूसारख्या साध्या सामानातून. एवढा मोठा सोहळा दारात झालेला असल्यामुळे तालुक्यातल्या प्रत्येक घरातल्या आजोबांनी पंडितजींना स्वतःच्या हातानं तांब्याभर पाणी दिलेलं आहे. ओट्यावर एकदा सगळ्यांनी मिळून हिशोब केला, तर ऐन हिवाळ्यात त्या दोन-तीन दिवसांत पंडितजींनी तापी कोरडी केली असं निघालं. तरी एक आजोबा अडून बसले, “आमच्या बानं पानी नही, दूध देल्हं होतं.” म्हणून मग गायींचाही हिशोब करावा लागला.

केळीच्या या दरबारात घराचं काय होतं, हे बघायचं असेल तर एप्रिल-मे महिन्यात यावं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा खान्देशचा दिवाळीहून मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, आणि पुरुष मंडळी पारावर पत्ते कुटताहेत. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, सालही आखाजीलाच फिरतं. जुना राहणार का, नवा मिळणार का, या चिंतेत बागायतदार असा काही चेहरा करून बसतो की त्याच्याच मुलाखतीचा दिवस असावा. आणि असतोही. आता सालदारच मालकाला विचारतो, “बाग किती, रस्ता कसा, मोबाईलले रेंज हाय का?”

याच दिवसांत गच्चीवर पापड, कुरडया आणि ज्वारीच्या बिबड्या पसरलेल्या असतात. गल्लीतल्या बाया पहाटे एकीच्या घरी जमतात, भल्या मोठ्या पातेल्यात घाटा शिजतो, आणि ऊन चढायच्या आत खाटांवर, साड्यांवर बिबड्यांचे गोल पडतात. त्यांना कडकडीत ऊन हवं. ४५ अंशांचं ऊन पडलं की दुपारपर्यंत माल खडखडीत. आणि खाली ओट्यावर त्याच घरातला पुरुष आभाळाकडे बघून म्हणतो, “देवा, दोन ढग तरी धाड, केयी करपू राह्यली.” एकाच छपरावरून दोन अर्ज जातात, एक ऊन वाढवण्याचा आणि एक कमी करण्याचा. दोघंही एकाच देवाला नारळ कबूल करतात. अशा वेळी देव काय करतो? तो वळवाचं वादळ पाठवतो. दहा मिनिटांत बाग आडवी आणि बिबड्या शेजारच्या गल्लीत. मग तलाठी येतात, कृषी सहायक येतात, पडलेल्या केळीत शेतकऱ्याला उभं करून फोटो काढतात. बिबड्यांचा पंचनामा होत नाही. त्या कोणाच्या अंगणात पडल्या हे बायांना न सांगता कळतं, आणि पुढचं त्या बघून घेतात.

या सगळ्यावर शहाणपण शिकवायला पुण्याहून एक नातेवाईक येतो. त्याची तिथं गच्चीवर बाग आहे. बारा कुंड्या, एक प्लास्टिकचा पिंप आणि अपरंपार ज्ञान. तो बागायतदाराला बांधावर उभा करून म्हणतो, “तुम्ही लोक रासायनिक फार वापरता. मी तर गुलाबाला केळीच्या साली भिजवून त्याचं पाणी घालतो. पोटॅश असतं त्यात!” 

आमचा माणूस ऐकून घेतो. सालीत पोटॅश कुठून आलं, हे तो बोलत नाही, पण त्याला ते पिशव्यांसकट आठवत असतं. केळी ही पोटॅशची मोठी खाऊ. भारतात पोटॅशची खाण चालत नाही, जवळजवळ सगळं बाहेरून येतं, कॅनडातून, रशियातून, बेलारूसमधून. तिथून जहाजानं निघालेली ती पूड बंदरात उतरते, रेल्वेनं येते, कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीतून जाते, ठिबकच्या नळीतून केळीच्या पोटात शिरते, घडात बसते, पुण्याच्या मंडईत डझनानं विकली जाते, आणि शेवटी साल होऊन एका गुलाबाच्या कुंडीत विसावते. कॅनडापासून कोथरूडपर्यंतच्या या प्रवासाचं भाडं भरतो यावलचा माणूस, आणि नैसर्गिक शेतीचं श्रेय जातं गुलाबाला. गुलाबाला फुलं किती आली, असं मात्र विचारायचं नाही. ‘यंदा जरा पाऊस कमी होता,’ असं उत्तर येतं, आणि तेवढ्यापुरता तो आपल्यातला वाटतो.

आता मागच्या दारी चला. मागच्या दारी म्हणजे मोरीच्या पलीकडे, जिथे भांड्यांचं पाणी जातं. तिथे एक गिलक्याचा वेल आहे. बाकी महाराष्ट्र ज्याला घोसाळं म्हणतो ते गिलकं. हा वेल कोणी लावला, कोणालाच ठाऊक नाही. मागच्या वर्षी वाळलेल्या गिलक्याची घासणी करून कोणीतरी भांडी घासली असतील आणि बी तिथंच सांडलं असेल. त्याला ठिबक नाही, खत नाही, विमा नाही, झगा नाही. तो मोरीचं पाणी पितो, निंबावर चढतो, निंबावरून पत्र्यावर, पत्र्यावरून डिशच्या छत्रीवर, आणि छत्रीवरून शेजाऱ्याच्या हद्दीत. पावसाळ्यात आमच्याकडे मालिका मध्येच थांबली तर आम्ही वायर बघत नाही, गिलकं तोडतो.

आणि तो देतो किती! सकाळी दोन तोडली तर संध्याकाळी तीन लोंबतात. गिलक्याची भाजी, गिलक्याची भजी, डाळीतलं गिलकं, आणि शेवटी पिशवी भरून शेजारी. शेजारीण तीच पिशवी परत पाठवते, आत तिची गिलकी असतात. जुलै-ऑगस्टात यावलमध्ये गिलक्यांचं चलन चालतं. फक्त ते घ्यायला कोणी तयार नसतं. त्याच्या सोबतीला कुंपणावर वाल, कोपऱ्यात पोकळा, दारात गोडलिंब आणि शेवगा. ही सगळी बायांची इस्टेट. सातबाऱ्यावर तिची नोंद नाही, पीक पाहणीत ती येत नाही, तिच्यासाठी कधी कर्ज काढलेलं नाही म्हणून ते माफही झालेलं नाही. बागेवर जेव्हा केळी पाचशेनं जाते, तेव्हा रोजच्या ताटात पडतं ते या इस्टेटीतलं. पण ओट्यावर याचा विषय निघत नाही. गिलक्याचा भाव काय म्हणून आजवर कोणी कोणाला चहा पाजलेला नाही.

थंडीत मात्र दोन्ही राज्यांचा तह होतो. चंपाषष्ठी झाली की वांगी मोकळी होतात, आणि आमच्याच तालुक्यातल्या बामणोदकडची हिरवी, पांढुरक्या रेघांची भरताची वांगी बाजारात येतात. केळीला मानांकन मिळालं त्याच वर्षी जळगावच्या भरीत वांग्यालाही मिळालं, आणि ते मात्र आम्ही मनापासून साजरं करतो, म्हणजे खातो. भरीत घरातल्या गॅसवर भाजायचं नसतं. मळ्यात, तुराट्यांच्या किंवा कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी काळी होईपर्यंत भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायची, आणि मग तेलात शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर घालून परतायची. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. भरतात टोमॅटो घालणाऱ्या माणसाला आमच्याकडे काही बोलत नाहीत, नुसतं ‘पुन्याहून आले का?’ असं विचारतात.

आणि वाढायचं कशावर? केळीच्या पानावर. वर्षभर लाड करून घेतलेला जावई त्या दिवशी ताटाखाली येतो, आणि वर वांगं बसतं. बारा महिन्यांत केळीनं आम्हाला जेवायला मदत केली, असा तो एकच प्रसंग. त्या पंगतीत सगळे पुरुष वांगी भाजायला पुढे असतात, काजळीनं तोंड काळं करून घेतात आणि भरीत ‘आपण केलं’ म्हणून पुढची दोन वर्षं सांगतात. मिरच्या निवडणं, लसूण सोलणं, दळण, भाकरी, पुऱ्या, भांडी ही किरकोळ कामं तेवढी बायांकडे असतात.

इतकं सगळं असून जून उजाडला की मृगबागेची रोपं येतातच, ऑक्टोबरात कांदेबागेची येतात. यावल पूर्वी निळीसाठी आणि हातकागदासाठी नाव कमावून होतं. सन १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये त्याचा उल्लेख आहे, आणि तेव्हाच निळीचा धंदा जवळपास संपलेला होता. नीळ गेली, कागद गेला, केळी आली. उद्या आणखी काही येईल. ओट्यावर चर्चा करायला एक नाजूक, महागडं आणि बेभरवशाचं पीक गावाला लागतंच. त्याशिवाय पुरुष माणसानं संध्याकाळ काढायची कशी? गिलक्यावर ती निघत नाही. जे न मागता रोज येतं, त्याबद्दल बोलणार काय?

आमच्या गल्लीतल्या नानांना मात्र ही गोष्ट खुपली. यंदा केळी पडल्या भावात गेली, आणि वर्षभर घर गिलक्यावर चाललं हे काकूंनी चार माणसांत बोलून दाखवलं. नाना उठले, आणि त्यांनी गिलक्याच्या वेलाकडे गांभीर्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मोरीचं पाणी बंद करून वेलाला ठिबकची नळी आली. केळीचं उरलेलं खत विरघळवून दिलं गेलं. तारेचा मांडव झाला. कृषी सेवा केंद्रातून एक बाटली आली, तिच्यावरच्या चित्रात वेगळीच भाजी होती.

वेल असा तरारला की विचारू नका. पानं भाकरीएवढी झाली, मांडव दिसेनासा झाला. गिलकं मात्र एकही नाही. नत्र जास्त झालं की वेल पानांवर भागवतो, फळाचं मनावर घेत नाही. नाना अजिबात नाराज झाले नाहीत. उलट त्यांचा ओटा भरला. रोज कोणीतरी येतं, मांडवाखाली वाकून बघतं, पान उलटं करतं, नखानं खरवडतं. एक म्हणतो बुरशी, एक म्हणतो मावा, एक म्हणतो माती तपासा. चहा होतो. नानांच्या चेहऱ्यावर बागायतदाराची जुनी चिंता पुन्हा दिसू लागली आहे आणि ती त्यांना शोभतेही.

काकूंनी दरम्यान मोरीची नळी परत मागच्या बाजूला वळवली आणि गोठ्याआड, नाना कधी जात नाहीत अशा जागी, दोन बिया टाकल्या. त्या वेलाची गिलकी रोज ताटात पडतात. नानांना वाटतं बाजारातून आली. घास घेता घेता ते विचारतात, “आज काय भावानं आनली?” काकू दर दिवशी वेगळा भाव सांगतात, कधी चढा, कधी पडेल. मग जेवण झाल्यावर नाना समाधानानं ओट्यावर जातात आणि मंडळाला सांगतात, “गिलक्यात तेजी येऊ राह्यली, बरं का.”